जीप आणणारे कैलाशचंद्र महिंद्रा आणि पिकअपचा मागचा ॲक्सल

नाशिकच्या सातपूर वसाहतीत महिंद्राचा कारखाना आहे हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तिथून बाहेर पडलेल्या गाड्या आपण रोज रस्त्यावर बघतो. पण कंपनीच्या नावात महिंद्रा दोनदा का येतो आणि हे दोघे होते तरी कोण, याची माहिती फारशी कुणाला नसते. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पिकअप उभी करून नंबराची वाट बघणारा शेतकरी असो, नाहीतर पंचायत समितीच्या जुन्या जीपमधून गावोगाव फिरलेला ग्रामसेवक, दोघांनीही ओळखून ठेवावा असा हा माणूस आहे. कच्च्या रस्त्यावर चालेल अशी गाडी या देशात रुजवली ती याच घराने. त्या गाडीतली एक गोष्ट पुढे आपल्या बहुतेक पिकअपमध्ये आलीच नाही, आणि तिच्यावाचून आज आपले चाक चिखलात फिरते. म्हणून चरित्राबरोबर मागच्या ॲक्सलचेही चार शब्द सांगणे भाग आहे.

कैलाशचंद्र महिंद्रा यांचा जन्म १८९४ सालचा, पंजाबातल्या लुधियानाचा. घरात नऊ भावंडे. जगदीशचंद्र त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले आणि सगळ्या घराचा भार कोवळ्या वयात जगदीशचंद्रांच्या खांद्यावर पडला. आपल्याकडे अशा वेळी थोरला शाळा सोडून औत धरतो. जगदीशचंद्रांनी तसे केले नाही. ते स्वतः मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकले, आणि पाठची भावंडे शिकलीच पाहिजेत हा हट्ट त्यांनी धरला. धाकटे कैलाशचंद्र लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात हुशार निघाले, तर त्यांना थेट इंग्लंडमध्ये केंब्रिजला धाडले. तिथे त्यांनी ऑनर्सची पदवी घेतली, हॉकी खेळले, नावा वल्हवण्याच्या शर्यतीतही भाग घेतला. बाप नसलेल्या घरातल्या मुलाला त्या काळी विलायतेत शिकायला पाठवायचे म्हणजे काय हे ज्याने मुलाच्या फीसाठी बैलजोडी विकली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

परत आल्यावर कैलाशचंद्र मार्टिन कंपनीत लागले. ही कलकत्त्याची मोठी बांधकाम आणि लोखंडाची पेढी. तिचे भागीदार सर राजेंद्रनाथ मुखर्जी हे नामांकित बंगाली इंजिनिअर. त्यांचे चरित्र कैलाशचंद्रांनी लिहिले, ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदुस्थान रिव्ह्यू या मासिकाचे संपादनही त्यांनी केले होते. म्हणजे माणूस नुसता व्यापारी नव्हता, लिहिणारा-वाचणाराही होता. थोरले जगदीशचंद्र त्या काळात टाटांच्या पोलाद कंपनीत १९२९ ते १९४० विक्रीचे वरिष्ठ अधिकारी होते. दुसरे महायुद्ध पेटले, पोलादाची टंचाई झाली, तेव्हा सरकारने त्यांना देशाचे पहिले पोलाद नियंत्रक नेमले. दोन्ही भावांचे आयुष्य असे लोखंडाभोवती फिरत होते. गाड्यांचा त्यात अजून कुठेच पत्ता नव्हता.

अमेरिकेतली तीन वर्षे

१९४२ मध्ये सरकारने कैलाशचंद्रांना अमेरिकेत पाठवले. हिंदुस्थानासाठी तिकडून माल खरेदी करणाऱ्या मिशनचे ते प्रमुख होते. युद्धाचे दिवस, अमेरिकेतले कारखाने रात्रंदिवस चाललेले. तिथे त्यांची गाठ बार्नी रूस या इंजिनिअरशी पडली. रूस हा ओहायो राज्यातल्या टोलेडो गावच्या विलीज ओव्हरलँड कंपनीचा मुख्य इंजिनिअर. जीपच्या जन्मात याचा मोठा हात.

जीपची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकांवर जोर असलेली छोटी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत तयार करून दिला. विलीज आणि फोर्ड मागाहून आल्या. विलीजच्या इंजिनात सर्वांत जास्त दम होता, कारण रूसने मूळचे ४८ अश्वशक्तीचे इंजिन सुधारून ६० पर्यंत नेले होते. पण गाडी जड भरली. लष्कराने मर्यादा घातली २१६० पौंडांची, म्हणजे साधारण ९८० किलोची. रूसने मग गाडी पूर्ण खोलली आणि जिथे जे जास्त असेल ते काढले. बोल्टांची लांबी छाटली, रंगाचाही थर कमी केला. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप तयार झाल्या होत्या. आफ्रिकेची वाळू, युरोपचा चिखल, ब्रह्मदेशाचे जंगल, सगळीकडे ही गाडी चालली.

कैलाशचंद्रांनी ही गाडी बघितली आणि त्यांना आठवले ते आपले रस्ते. लढाईच्या मैदानात जी गाडी अडली नाही, ती हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या गाडीवाटेवर कशाला अडेल? विचार साधा होता. पण त्या काळी मोटार म्हणजे साहेबाची, संस्थानिकाची आणि डांबरी सडकेची, अशीच समजूत होती. गाडी निवडताना गावची वाट आधी बघायची, ही दृष्टी फार थोड्यांकडे होती.

१९४५ मध्ये ते परतले. सरकारने मोटार आणि ट्रॅक्टर उद्योगांचा विचार करण्यासाठी जी मंडळे नेमली, त्यांचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कोळसा खाणींच्या समितीचेही ते अध्यक्ष होते, तिचा अहवाल १९४६ चा. आणि याच १९४५ च्या २ ऑक्टोबरला दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद या मित्राला बरोबर घेऊन मुंबईत कंपनी काढली. नाव महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा पोलादाच्या व्यापाराचा.

दोन वर्षांत देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. पुढे १९५१ ते १९५५ ते तिथले गव्हर्नर जनरलही होते. इकडे कंपनीच्या नावातला मोहम्मद गेला आणि १९४८ मध्ये नाव झाले महिंद्रा अँड महिंद्रा. इंग्रजीतली दोन आद्याक्षरे तीच राहिली. नावात महिंद्रा दोनदा का, याचे उत्तर हे असे आहे. सख्ख्या भावांचीही वाटणी होताना बांधावरून डोकी फुटतात. इथे तर देशच फुटला होता, तरी कंपनी उभी राहिली.

फाळणीच्याच वर्षी, १९४७ मध्ये, विलीजकडून ७५ गाड्यांची पहिली खेप सुट्या भागांच्या रूपात आली. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला भाड्याच्या जागेत जुळणीचा कारखाना सुरू झाला आणि तिथे पहिली जीप उभी राहिली. या मंडळींना गाडी बनवण्याचा अनुभव काडीचा नव्हता. हाताशी होती ती लोखंडाची पारख आणि आपल्या रस्त्यांची जाण.

जीपच्या पोटात काय होते

आता थोडे गाडीखाली वाकून बघू. बैलगाडीचे प्रत्येक चाक आखावर आपापले मोकळे फिरते. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरले, आतले कमी, तरी कुणाचे काही बिघडत नाही. मोटारीत मात्र इंजिनाचा जोर चाकाला द्यायचा असतो. दोन्ही चाके एकाच कांबीवर घट्ट बसवली तर वळणावर एक चाक घासत जाते. यावर तोड काढली ती फ्रान्सच्या पेकर नावाच्या कारागिराने, १८२७ मध्ये. तेच आपले डिफरन्शियल. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, त्याच्या आत ते असते. क्राऊन आणि पिनियनच्या आत चार छोटे दातेरी गिअर असतात आणि ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात.

सोय झाली, पण तिच्या पोटात एक खोड राहिली. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देते. एक चाक मुरमावर आणि दुसरे चिखलात असेल, तर चिखलातल्या चाकाला फिरायला जेवढा जोर लागतो तेवढाच मुरमावरच्या चाकालाही मिळतो, रतीभर जास्त नाही. चिखलातले चाक गरगर फिरते, कोरड्यावरचे जागचे हलत नाही. इंजिन कितीही मोठे असो, ॲक्सिलरेटर कितीही दाबा. ड्रायव्हर म्हणतो गाडीत दम नाही. दम असतो, तो जमिनीपर्यंत पोचत नाही.

जीपने यावर काय केले? जोर पुढच्या ॲक्सलवरही नेला. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस बसवली, लिव्हर ओढला की पुढची चाकेही ओढू लागली. शिवाय लो गिअर दिला. नागरी जीपमध्ये त्याने चाकावरचा जोर जवळपास अडीचपट होई. ॲक्सलचे गुणोत्तरही मोठे, शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. म्हणून ती गाडी पळत नसे, पण चढत असे. एवढे करूनही पुढचे आणि मागचे डिफरन्शियल साधेच होते. म्हणजे चारही चाकांवर जोर असलेली जीप फार बिकट जागी सापडली, पुढचे एक आणि मागचे एक चाक निसटले, की तीही अडकत असे. जुन्या ड्रायव्हर लोकांना हे पक्के ठाऊक असते. आणखी एक त्यांना ठाऊक असते, की कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा ॲक्सल जोडून ठेवायचा नाही, गाडी आखडते आणि टायर घासतात.

चिखलातून बाजारपेठेपर्यंत आणि तिथून सरकारी कचेरीपर्यंत ही जीप पोचायला फार वेळ लागला नाही. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात समुदाय विकास योजना सुरू झाली. योगायोग असा की कंपनीचा जन्मही २ ऑक्टोबरचाच. गटागटांत विकास अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर जीपही आली. बियाणे, लसीकरण, मलेरियाची फवारणी, निवडणुकीच्या पेट्या, पूरग्रस्तांचे धान्य, सगळे जीपनेच गेले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्यावर तर जीप म्हणजेच सरकार असे समीकरण खेड्यात झाले. धुरळा उठला की साहेब आले म्हणून पोरे पळत सुटायची.

याच काळात कैलाशचंद्रांवर घरचा आघात झाला. १९५१ मध्ये जगदीशचंद्र वारले. बापाच्या जागी असलेला भाऊ गेला. कंपनीची सूत्रे कैलाशचंद्रांकडे आली, तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. सरकारी कचेरीत या वयात माणूस निवृत्तीचा कागद रंगवतो. यांच्यापुढे मात्र खरा पेच तेव्हाच उभा राहिला. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले, की परदेशातून भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे थारा नाही, गाडी हळूहळू इथेच बनवावी लागेल. मुंबईत गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या जगातल्या बलाढ्य कंपन्यांनी गाशा गुंडाळला. कैलाशचंद्रांनी मात्र १९५४ मध्ये विलीजशी नवा करार केला, टप्प्याटप्प्याने जीप इथेच बनवण्याचा. एकेक भाग देशी करत न्यायचा, त्यासाठी छोटे कारखानदार तयार करायचे, असे ते काम होते. आज गावच्या गॅरेजातही जुन्या जीपचा भाग मिळतो किंवा बनवून मिळतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

त्यांनी इतरही पदे सांभाळली. रिझर्व्ह बँक, एअर इंडिया, हिंदुस्थान स्टील यांच्या संचालक मंडळांवर ते होते. पण मला त्यांचे मोठे काम वाटते ते १९५३ चे. त्या वर्षी त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. भावाने पोटाला चिमटा घेऊन शिकवले, त्याची ही परतफेड असावी. त्या ट्रस्टने पुढे १९९६ मध्ये गरीब मुलींच्या शिक्षणासाठी नन्ही कली हा उपक्रम सुरू केला.

ट्रॅक्टरचा विषयही त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांना बरोबर घेऊन १९६३ मध्ये ट्रॅक्टरची वेगळी कंपनी निघाली. बी-२७५ हा तिचा ट्रॅक्टर आपल्या भागातल्या जुन्या बागायतदारांच्या आठवणीत असेल. त्याच १९६३ साली कैलाशचंद्रांचे निधन झाले. वय एकोणसत्तर. अध्यक्षपद केशव महिंद्रा यांच्याकडे गेले आणि २०१२ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

त्यांच्यामागे आलेली पिकअप

कैलाशचंद्र गेल्यावर दोन वर्षांनी, १९६५ पासून, कंपनी हलक्या मालगाड्यांकडे वळली. एफसी-१५० ही त्यांतली जुनी, पसरट नाकाची गाडी काहींनी पाहिली असेल. ड्रायव्हर इंजिनावरच बसायचा आणि मागे सगळा हौदा. मूळ गाडी अमेरिकेतली. तिथे तिच्यात एक गंमत झाली. इंजिन पुढे, माणूस पुढे, लांबी कमी, त्यामुळे रिकामी गाडी मागे फारच हलकी पडू लागली. इंजिनिअरांनी काय करावे, तर चासीच्या मागच्या बाजूला लोखंडाचे जड वजनच टांगून दिले. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन नसते, ही अडचण खुद्द बनवणाऱ्यांनाही सुटली नव्हती. त्यांनी जो उपाय केला तोच आपणही करू शकतो.

पुढे १९७९ मध्ये पेजो कंपनीच्या डिझेल इंजिनाचा करार झाला, इगतपुरीत इंजिनांचा कारखाना आला, सातपूरला गाड्या निघू लागल्या. २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ नाशिकमधूनच बाहेर पडल्या. डिझेलवर चालणारी, जास्त माल नेणारी पिकअप शेतकऱ्याला परवडली. पण त्यातल्या बहुतेक गाड्यांत जोर मागच्या दोनच चाकांवर. पुढचा ॲक्सल जोडलेली पिकअप महाग पडते, डिझेल जास्त पिते, म्हणून गिऱ्हाईकही ती मागत नाही. यात चूक कुणाचीच नाही. मात्र जीपची निम्मी ताकद आपण किमतीसाठी सोडली हे ध्यानात ठेवले म्हणजे सप्टेंबरच्या पावसात निफाडच्या काळ्या रानातून क्रेट भरलेली गाडी का निघत नाही ते कळते. माल तोडलेला, बाजाराची वेळ टळत चाललेली आणि गाडी रानात रुतलेली. एका दिवसाने टोमॅटो मऊ पडतो आणि भावही.

पहिली गोष्ट वजनाची. रिकाम्या पिकअपचे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असते. ओल्या डांबरावर, निसरड्या मुरमावर किंवा पेठ-सुरगाण्याच्या घाटात रिकामी गाडी मागून सरकते ती यामुळेच. पन्नास-पन्नास किलोची वाळूची तीन-चार पोती मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा हातभर पुढे ठेवून घट्ट बांधावीत. फाळक्याजवळ अगदी मागे ठेवली तर पुढचे टोक उचलले जाते आणि स्टिअरिंग हलके पडते. वाळूचा दुसरा फायदा असा की अडलेच तर तीच चाकाखाली टाकता येते. पण हा उपाय कडक पण निसरड्या जागेचा आहे. मऊ काळ्या रानात वजन वाढवले तर चाक आणखी खाली जाते. तिथे गाडी हलकी ठेवून क्रेट डोक्यावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बांधापर्यंत आणलेले बरे. पकड वाढते म्हणून पासिंगपेक्षा जास्त माल भरणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे, ब्रेक आणि पाटे त्यासाठी केलेले नसतात.

दुसरी गोष्ट टायरची, आणि माझ्या मते पैसा घालायचा असेल तर पहिल्यांदा इथे घालावा. नक्षी झिजून गुळगुळीत झालेले टायर मागे ठेवून वर्ष काढायचे, ही आपली सवय. रानात जाणाऱ्या गाडीला मागे खोल नक्षीचे टायर लागतात, म्हणजे चिखल त्यातून बाहेर फेकला जातो. दोन्ही एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत. हवेचा दाब दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. रिकामी गाडी मऊ रानातून काढायची असेल तर तो पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत कमी केला की टायर पसरतो आणि जास्त जमीन धरतो. मात्र तेवढ्यापुरतेच आणि बैलाच्या चालीने. ट्यूबचा टायर असेल तर हवा कमी असताना चाक जोरात फिरवू नये, रिम आत फिरते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळासकट तुटतो. रस्त्याला लागायच्या आधी, माल भरायच्या आधी, हवा पूर्ववत भरलीच पाहिजे.

पाट्यांकडे कुणी बघत नाही. यू-बोल्ट ढिले, बुश खाल्लेले, शॉक ॲब्सॉर्बर गळका, अशा गाडीचे मागचे चाक चढावर थडथड उड्या मारते. जेव्हा चाक हवेत असते तेव्हा पकड शून्य. हे काम थोडक्या खर्चात होते आणि फरक लगेच जाणवतो.

अडकल्यावर पहिली चूक होते ती पहिल्या गिअरमध्ये जोर देण्याची. दुसरा गिअर, कमी रेस, क्लच हळू. चाक एकदा गरगर फिरू लागले की थांबावे. ते आपलीच कबर खोदते, आणि आतले छोटे गिअर तेलाविना तापून त्यांची पिन तुटते ते वेगळेच. चाकासमोरची माती फावड्याने उतरती करून तुराट्या, पाचट, गोणपाट किंवा मुरूम घालावा. एक चाक फिरते आणि दुसरे थांबते असे असेल, तर हँडब्रेक थोडासा ओढून गाडी काढून बघावी. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की थांबलेल्यालाही जोर मिळतो. ही युक्ती हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तरच चालते. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये तो ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तिथे हँडब्रेक ओढून उपयोग नाही, उलट नुकसान. ट्रॅक्टरने ओढायचे झाल्यास दोर चासीच्या हुकाला बांधावा आणि दोराच्या रेषेत माणूस उभा राहू देऊ नये.

आता डिफरन्शियल. काही ठिकाणी आतले छोटे गिअर वेल्डिंगने जाम करून देतात. रानात गाडी मस्त निघते, खोटे नाही. पण डांबरी रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टायर घासतात, ओल्या रस्त्यावर गाडी सरळच पळू बघते आणि एक दिवस ॲक्सलचा शाफ्ट तुटतो. माणसे बसवून बाजाराला जाणाऱ्या गाडीत हे करूच नये. खरा उपाय आहे तो मर्यादित घसरण होऊ देणारे किंवा आपोआप लॉक होणारे डिफरन्शियल. पहिल्यात क्लचसारख्या प्लेटा असतात, त्या फिरणाऱ्या चाकाला धरून ठेवतात. त्याला तेलही वेगळे लागते, साधे ओतले की प्लेटा कुरकुरतात आणि लवकर जातात. दुसरे, एक चाक फार वेगाने फिरू लागले की दोन्ही चाके जखडते आणि गरज संपली की सोडते. महिंद्राने २०१५ मध्ये थार जीपच्या मागच्या ॲक्सलला असे लॉक होणारे डिफरन्शियल दिले. जुन्या पिकअपमध्ये नंतर बसवायचे असेल तर शाफ्टचे दाते, क्राऊनचे माप आणि गुणोत्तर जुळले पाहिजे. मिस्त्री माहीतगार हवा आणि जुना भाग बरोबर नेऊन माप ताडून घ्यावे.

आपल्या गाडीत साधे आहे की प्लेटांचे, हे घरीच बघता येते. सपाट कडक जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मागची दोन्ही चाके वर घेऊन ॲक्सलखाली भक्कम घोड्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचे नाही. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरे उलट्या दिशेने सहज फिरले तर डिफरन्शियल प्लेटांचे नाही. फिरवायला जड जात असेल किंवा चाक हलतच नसेल तर आत प्लेटा आहेत, नाहीतर कुणीतरी वेल्डिंग करून ठेवले आहे. जुनी घेताना ही तपासणी जरूर करावी. आपोआप लॉक होणारे मात्र हळू फिरवल्यावर साध्यासारखेच वागते, तेव्हा त्याची खात्री गाडीच्या कागदावरून करावी.

आणि गाडी खाली उतरवायच्या आधी फुगवट्यावरचा तेलाचा नट उघडून बोट घालून बघावे. नाल्यातून गाडी गेली असेल आणि ॲक्सलवरची हवेची नळी फाटली किंवा बुजली असेल तर आत पाणी शिरते. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्याच दिवशी बदलावे.